निर्णयाला नोंदींचा आधार : कोकण रेल्वेची आखणी आणि निगा

रेल्वेमार्ग एकदा बांधून पुरा झाला आणि त्यावरून गाड्या धावू लागल्या म्हणजे अभियंत्यांचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. रूळ, स्लीपर, त्यांखालील खडी, मातीचा भराव, पूल, मोऱ्या, बोगदे आणि डोंगर कापून केलेली खोदाई या साऱ्यांत प्रत्येक गाडीच्या भाराने, उन्हाने आणि पावसाने थोडाथोडा बदल सतत होत असतो. हा बदल कोठे, किती आणि कोणत्या वेगाने होत आहे हे जाणून घेणे, त्यावरून कोणते काम आज करावयाचे व कोणते पुढील वर्षी केले तरी चालेल हे ठरविणे, आणि प्रसंगी गाडीचा वेग कमी करणे वा गाडीच थांबविणे, यालाच रेल्वेमार्गाची निगा म्हणतात.

असे निर्णय केवळ अनुभवाच्या जोरावर घेण्याचा काळ आता मागे पडला आहे. मोजमापे, वर्षानुवर्षांच्या नोंदी, त्यांवरून बांधलेले आडाखे आणि आधीच ठरवून दिलेल्या मर्यादा यांची जी पद्धतशीर मदत अभियंत्याला मिळते, तिला ‘निर्णयसाहाय्य’ असे म्हणता येईल. संगणक हे या कामातील एक उपयुक्त साधन आहे; परंतु निर्णयसाहाय्याची कल्पना संगणकापुरती मर्यादित नाही. पावसाळी रात्री कंदील घेऊन रुळांच्या कडेने चालणाऱ्या गस्तवाल्याची नोंदवही हाही तिचाच एक भाग होय. ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तीन राज्यांतून जाणाऱ्या कोकण रेल्वेसारखे दुसरे उदाहरण नाही.

आखणीच्या वेळचा निर्णय

रेल्वेमार्गाच्या निगेचा खर्च पुष्कळ अंशी त्याच्या आखणीच्या वेळीच ठरून जातो. याचे उत्तम प्रत्यंतर महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाटातील मार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांत सुमारे ५५० मीटर उंची गाठावयाची होती. बोगदे खणण्याची त्या काळची साधने पाहता, अभियंत्यांनी सदतीस मीटर अंतरात एक मीटर चढ असा अत्यंत तीव्र उतार पत्करला. तरीही २५ बोगदे खणावे लागले. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविण्याचे एक स्थानक ठेवावे लागले होते, ते पुढे १९२९ साली नवीन आखणीनंतर बंद झाले. चढाची तीव्रता मात्र कायम राहिली. घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागण्याचे कारण एकोणिसाव्या शतकातील त्या निर्णयात आहे. त्या वेळच्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता; परंतु त्याचे मोल पुढील दीडशेहून अधिक वर्षे प्रत्येक गाडीमागे चुकवावे लागत आहे.

कोकण रेल्वेच्या बाबतीत नेमका उलट मार्ग स्वीकारण्यात आला. १९९० च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. भागभांडवलात केंद्र शासनाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के, कर्नाटकाचा १५ टक्के, तर गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा होता. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस व अर्थमंत्री मधु दंडवते यांच्या पुढाकाराने मार्गी लागलेल्या या प्रकल्पाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे सोपविण्यात आली. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरांचा हा मार्ग आखताना, ताशी १६० किलोमीटर वेगाची शक्यता डोळ्यांसमोर ठेवण्यात आली. त्यासाठी चढ दीडशे मीटरांत एक मीटरपेक्षा अधिक नसावा आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नसावी, असे निकष ठरविण्यात आले.

हे निकष कागदावर दोन ओळींत मावतात. पण त्यांचा परिणाम दूरगामी असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी डोंगराच्या सोंडा समुद्राकडे उतरतात आणि त्यांच्यामधून नद्या वाहतात. सरळ व सपाट मार्ग हवा असेल तर सोंडा भेदाव्या लागतात आणि दऱ्या ओलांडाव्या लागतात. म्हणूनच या मार्गावर ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. रत्नागिरीच्या उत्तरेचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. रत्नागिरीजवळच पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आहे. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. सौम्य चढ व रुंद वळणे यांमुळे इंधन, वेळ आणि रुळांची झीज यांत कायमची बचत झाली. मात्र त्याबरोबरच खोल खोदाया, उंच भराव आणि बोगदे यांची अखंड राखण करण्याची जबाबदारीही आली.

स्वस्त काय, महाग काय?

आखणी करणाऱ्यापुढे नेहमी असा प्रश्न उभा राहतो की, आज कमी खर्च करून पुढे निगेवर अधिक खर्च करावा, की आजच अधिक खर्च करून पुढील भार हलका करावा? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका ओढ्यावर पन्नास लाख रुपयांत मोरी बांधता येते, पण तिच्या देखभालीस दरवर्षी तीन लाख रुपये लागतील. ऐंशी लाखांची मोठी मोरी बांधल्यास देखभाल वर्षाला एक लाखात भागेल. वरवर पाहता, वाढीव तीस लाख रुपये पंधरा वर्षांत भरून निघतात आणि रेल्वेमार्ग तर शंभर वर्षे चालावयाचा असतो. परंतु तीस लाखांवर वार्षिक व्याज आठ टक्क्यांनी मोजले तर ते दोन लाख चाळीस हजार होते. म्हणजे वर्षाला होणाऱ्या दोन लाखांच्या बचतीपेक्षा अधिक. मग लहान मोरीच किफायतशीर ठरते. आता या हिशेबात आणखी एक बाब मिळवू. लहान मोरी तुंबून भराव वाहून गेला आणि मार्ग दोन दिवस बंद पडला, तर होणारे नुकसान किती? आणि असे घडण्याचा संभव किती? ही बाब धरली की पारडे पुन्हा फिरू शकते.

तात्पर्य असे की, निर्णयाचे उत्तर हिशेबात काय धरले व काय गाळले यावर अवलंबून असते. निर्णयसाहाय्याचे पहिले काम, काहीही महत्त्वाचे हिशेबातून निसटू न देणे हे होय.

पुराच्या बाबतीतही असाच एक गैरसमज रूढ आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेल्यावर आता शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नसतो. त्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरात एक आहे, इतकाच त्याचा अर्थ. असा पूर पन्नास वर्षांच्या काळात किमान एकदा येण्याचा संभव गणिताने सुमारे ४० टक्के निघतो. पुलाची उंची आणि मोरीचे तोंड ठरविताना, तसेच ग्रामपंचायतीने ओढ्याकाठी शाळा वा समाजमंदिर बांधण्याचे ठरविताना, हा आकडा ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

कोकणची भूमी आणि दोन अपघात

कोकणात रत्नागिरीच्या परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर जांभा, त्याखाली मऊ चिकणमाती आणि त्याखाली काळा कातळ, असे जमिनीचे थर अनेक ठिकाणी आढळतात. जांभ्याच्या छिद्रांतून पाणी झपाट्याने खाली उतरते, मातीच्या थरापाशी अडते आणि तो थर भिजून निसरडा होतो. उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी दिसणारी खोदाई जुलैमध्ये अचानक का ढासळते, याचे कारण येथे आहे. कातळाच्या खोदाईतही भेगांमध्ये पाणी शिरून सुटे धोंडे निखळतात.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ एका खोदाईत रुळांवर आलेल्या दरडीमुळे कारवारहून मुंबईकडे येणारी सुटीतील विशेष गाडी घसरली आणि पन्नासाच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर वर्षही पुरे होत नाही तोच, १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यातील करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. रुळांवर आलेल्या धोंड्यांमुळे गाडी घसरून डबे पुलावरून खाली कोसळले. याही अपघातात अनेकांचे प्राण गेले. दोन्ही दुर्घटना पावसाळ्याच्या तोंडाशी घडल्या, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हाने सुकलेली, भेगाळलेली भूमी पहिल्या जोरदार पावसात सर्वांत बेभरवशाची असते.

या अपघातांनंतर खोदायांच्या सुरक्षिततेची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. तीव्र उतार सौम्य करणे, उतारावर टप्पे पाडणे, सुटे धोंडे काढून टाकणे, कातळावर पोलादी जाळ्या बसविणे, खडकात पोलादी कांबी ठोकून तो बांधून ठेवणे, फवारलेल्या काँक्रीटचा थर देणे आणि माथ्यावर पाणी वळविणारे चर खणणे, असे हे उपाय होत.

कोणती दरड आधी?

उपाय माहीत असले तरी सर्व ठिकाणी ते एकाच वर्षी करता येत नाहीत. निधी मर्यादित असतो. यंत्रे व कुशल कामगार मर्यादित असतात. शिवाय एकेरी मार्गावर गाड्यांच्या मधल्या वेळेतच काम करावे लागते. तेव्हा क्रम लावणे अपरिहार्य ठरते, आणि येथेच पद्धतशीर निर्णयाची कसोटी लागते.

धोका मोजताना दोन गोष्टींचा एकत्र विचार करतात : घटना घडण्याचा संभव आणि घडल्यास होणारी हानी. समजा, एका खोदाईत धोंडा रुळांवर येण्याचा संभव दहा वर्षांतून एकदा आहे. पण ती खोदाई स्थानकालगत असून तेथे गाडीचा वेग कमी असतो व चालकाला दूरवरचे दिसते. दुसऱ्या खोदाईत हा संभव वीस वर्षांतून एकदा, म्हणजे निम्माच आहे. पण ती बोगद्याच्या तोंडाशी वळणावर असून चालकाला धोंडा दिसेपर्यंत गाडी थांबविणे अशक्य होते. केवळ दरडी मोजणारा पहिलीला अग्रक्रम देईल. हानीचाही विचार करणारा दुसरीला देईल, आणि तोच योग्य होय.

असा क्रम लावण्यासाठी प्रत्येक खोदाईची स्वतंत्र पत्रिका हवी. तिची उंची, उतार, माती वा खडकाचा प्रकार, भेगांची दिशा, पाणी झिरपण्याच्या जागा, पूर्वी पडलेल्या दरडींच्या तारखा, त्या दिवसांचा पाऊस आणि केलेले उपाय, ही सारी माहिती एकत्र असेल तरच तुलना होऊ शकते. एरवी गेल्या वर्षी जेथे गडबड झाली तेथेच सारा पैसा जातो आणि शांत दिसणारे धोक्याचे ठिकाण मागे राहते. माणसाच्या स्मरणशक्तीवर ताज्या घटनेचा पगडा असतो. नोंदवही सर्व वर्षांना सारखेच वागविते.

रुळांची प्रकृतितपासणी

दरडींइतके लक्षवेधी नसले तरी रुळांच्या निगेचे काम वर्षभर चालते. भारतातील रुंदमापी मार्गावर दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर असते. हे अंतर, दोन्ही रुळांची परस्पर उंची, लांबीच्या दिशेने आलेले उंचसखलपण, वळणातील वाकडेपण आणि मार्गाला बसलेला पीळ यांची मोजणी खास मोजणी-गाड्या धावता धावता करतात. रुळाच्या पोटात असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधण्यासाठी श्रवणातीत ध्वनिलहरींचा उपयोग केला जातो. दोष सापडल्यावर, कोणता रूळ तत्काळ काढावयाचा आणि कोणता निरीक्षणाखाली ठेवावयाचा, याचे वर्गीकरण नियमांनी ठरवून दिलेले आहे.

मोजणीचा खरा उपयोग एकाच आकड्यात नसून अनेक आकड्यांच्या तुलनेत असतो. उदाहरणादाखल समजा, एका ठिकाणचे उंचसखलपण एका मोजणीत ६ मिलिमीटर, तीन महिन्यांनी ८ आणि आणखी तीन महिन्यांनी १० मिलिमीटर आढळले. दुरुस्तीची मर्यादा १४ मिलिमीटर धरली, तर ती याच गतीने सहा महिन्यांनी गाठली जाईल. पण शेवटची मोजणी फेब्रुवारीतील असेल, तर ते सहा महिने ऑगस्टमध्ये, भर पावसात संपतात. पाण्याने खडीखालची माती नरम झाल्यावर बिघाडाची गतीही वाढते. म्हणून काम मे महिन्यातच उरकले पाहिजे. दुसऱ्या एखाद्या ठिकाणचा आकडा १२ मिलिमीटर असूनही दोन वर्षे तो स्थिर असेल, तर त्याला थांबता येते. केवळ आजचा आकडा पाहणाऱ्याला हा भेद कळणार नाही.

उन्हाळ्यातही असेच निर्णय असतात. पोलादाचा एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा सोडला, तर तापमान ३० अंशांनी वाढल्यावर तो सुमारे ३४ सेंटिमीटरने लांबेल. आजचे लांब जोडलेले रूळ स्लीपर व खडी यांनी घट्ट धरून ठेवलेले असतात; त्यामुळे ही वाढ ताणाच्या रूपाने रुळातच साठून राहते. अशा वेळी खडी उकरण्याचे काम चुकीच्या दिवशी केले तर रूळ बाजूस वाकण्याचा धोका असतो. म्हणून अमुक कामे कोणत्या तापमानाला करावयाची आणि कोणत्या तापमानाच्या पुढे गस्त सुरू करावयाची, हे नियमांनी बांधून दिलेले आहे. भारतीय रेल्वेवर अशा नोंदी आता संगणकप्रणालीत भरल्या जातात आणि त्यामुळे वर्षावर्षांची तुलना पूर्वीपेक्षा पुष्कळच सुलभ झाली आहे.

पावसाळ्यातील तासातासाचे निर्णय

आतापर्यंत पाहिलेले निर्णय महिन्यांचे व वर्षांचे होते. पावसाळ्यात काही निर्णय मिनिटांत घ्यावे लागतात. त्यासाठी कोकण रेल्वेवर जी व्यवस्था उभी करण्यात आली आहे ती अभ्यासण्यासारखी आहे.

माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ व उडुपी येथे आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके बसविण्यात आली आहेत. माणगाव व वीर यांमधील काळ नदी, वीरच्या पुढील सावित्री नदी आणि चिपळूण व कामथे यांमधील वाशिष्ठी नदी यांच्या पुलांवर पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्यास इशारा देणारी यंत्रणा आहे. पानवलचा उंच पूल, गोव्यातील मांडवी व जुवारी नद्यांवरील पूल आणि कर्नाटकातील शरावतीवरील पूल येथे वाऱ्याचा वेग मोजला जातो. पावसाळ्यापुरते स्वतंत्र वेळापत्रक असते आणि त्यात गाड्यांचा वेग कमी धरलेला असतो. जोरदार पावसामुळे पुढचे नीट दिसेनासे झाले, तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा, अशी सूचना असते. धोक्याच्या ठिकाणी गस्त व पहारा असतो आणि मार्गालगत सरासरी दर किलोमीटरला स्थानकाशी संपर्क साधण्याची सोय केलेली आहे.

या व्यवस्थेचे मर्म उपकरणांत जितके आहे तितकेच आधी ठरविलेल्या मर्यादांत आहे. भर पावसात, मध्यरात्री, गाडी उशिरा धावत असताना एकट्या स्टेशन मास्तराने ‘आता काय करावे?’ असा विचार करीत बसू नये. पाणी अमुक खुणेवर आले की गाडी थांबलीच पाहिजे, हे शांत वेळी, सर्व बाजूंनी विचार करून ठरविलेले असते. त्यामुळे ऐन प्रसंगी वेळापत्रकाचे दडपण, प्रवाशांचा राग किंवा वरिष्ठ काय म्हणतील ही भीती, यांचा निर्णयावर परिणाम होत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी याची परीक्षा झाली. त्या दिवशी चिपळूण शहर महापुरात बुडाले. वाशिष्ठीचे पाणी पुलापाशी धोक्याच्या पातळीवर गेल्याने चिपळूण ते कामथे या टप्प्यातील वाहतूक थांबविण्यात आली. ठिकठिकाणी गाड्या उभ्या राहिल्या आणि हजारो प्रवाशांचे हाल झाले. परंतु पुराच्या पाण्यात एकही गाडी पुलावर नव्हती, ही त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

व्यर्थ इशारा आणि हुकलेला इशारा

इशारा देणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. धोका नसताना गाडी थांबविली जाते, ही एक. आणि धोका असताना थांबविली जात नाही, ही दुसरी. मर्यादा फार खाली ठेवली तर पहिल्या प्रकारच्या चुका वाढतात. गाड्या वारंवार थांबू लागल्या की कर्मचाऱ्यांचाही इशाऱ्यावरील विश्वास उडतो आणि खरा धोका आला असताना दुर्लक्ष होण्याची भीती निर्माण होते. मर्यादा फार वर ठेवली तर दुसऱ्या प्रकारची चूक घडते आणि तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. मात्र दर पावसाळ्यानंतर नोंदी तपासून मर्यादा अधिकाधिक नेमकी करता येते. म्हणून ज्या दिवशी इशारा झाला पण काही घडले नाही, त्या दिवसाची नोंदही अपघाताच्या नोंदीइतकीच जपून ठेवावी लागते.

नोंदींच्याही मर्यादा आहेत. जेथे उपकरण नाही तेथील बदल ते टिपू शकत नाही, आणि भूगर्भातील पाण्याचे मार्ग पुरतेपणी कोणासच दिसत नाहीत. गोव्यातील पेडणे परिसरातील मऊ मातीच्या बोगद्याने बांधकामाच्या वेळीच अभियंत्यांची कठीण परीक्षा घेतली होती. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये पेडणे भागातील बोगद्यात पाणी शिरून वाहतूक विस्कळित झाली, आणि त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळून मार्ग बंद पडला. आखणी कितीही विचारपूर्वक केली तरी भूमीशी झालेला करार दर पावसाळ्यात नव्याने तपासावा लागतो, हेच या घटना सांगतात. जेथे अंदाजाची खात्री कमी, तेथे वेग कमी आणि पहारा अधिक, हा अशा वेळचा शहाणपणाचा नियम होय.

गावाचा वाटा

हा सारा विषय रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुरता आहे, असे मात्र नाही. नवीन पूल आखताना अभियंते पाण्याच्या सर्वोच्च पातळीची चौकशी नदीकाठच्या वृद्ध ग्रामस्थांकडे करतात. कोणत्या साली पाणी देवळाच्या कोणत्या पायरीला लागले होते, ही आठवण मोजमापाइतकीच मोलाची ठरते. अशा खुणा ग्रामपंचायतीने ठळकपणे रंगवून, सालासह दप्तरी नोंदवून ठेवल्या तर त्यांचा उपयोग रेल्वेला, बांधकाम खात्याला आणि गावालाही होईल.

रेल्वेच्या खोदाईच्या माथ्यावर गावाची जमीन असते. तेथे नवीन बागेसाठी केलेली सपाटी, पाणी सोडलेला पाट, माती वा दगड काढण्यासाठी केलेले खोदकाम किंवा चरात टाकलेला पालापाचोळा यांमुळे वरचे पाणी थेट उतारावर जाऊ शकते. अशी कामे करण्यापूर्वी रेल्वेच्या स्थानिक अभियंत्यांशी विचारविनिमय करणे अगत्याचे आहे. उतारावर नवीन भेग दिसणे, झाडे वा खांब कलणे, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, मोरीचे तोंड ओंडक्यांनी बंद होणे, ही धोक्याची पूर्वचिन्हे होत. ती प्रथम गुराख्याला, शेतकऱ्याला वा शाळेत जाणाऱ्या मुलाला दिसतात. ती जवळच्या स्थानकावर तत्काळ कळविण्याची सवय गावोगाव लागली पाहिजे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात साध्या पर्जन्यमापकाने रोजच्या पावसाची नोंद ठेवविली, तर भूगोलाचा धडा शिकता शिकता गावाला पावसाचा इतिहास मिळेल. एका डोंगराच्या दोन बाजूंना पडणाऱ्या पावसात मोठा फरक असू शकतो. तो दूरच्या केंद्रातील आकड्यावरून कळत नाही.

हीच विचारपद्धती गावाच्या रस्त्यांना, साकवांना आणि मोऱ्यांनाही लागू पडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील महामार्गाचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत वाहनांतील प्रवाशांचे बळी गेले. त्या दुर्घटनेने जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आणला. आपल्या हद्दीतील प्रत्येक साकव व मोरी कोणत्या साली बांधली, तिची शेवटची तपासणी केव्हा झाली, पाणी कोणत्या पातळीला गेले की वाहतूक बंद करावयाची आणि ती कोणी करावयाची, एवढे चार रकाने असलेली एक वही प्रत्येक ग्रामपंचायतीत असण्यास फारसा खर्च येत नाही. मे महिन्यातील ग्रामसभेत ती वही वाचून दाखविली, तर पावसाळ्यापूर्वी कोणते काम आधी करावयाचे याचा निर्णय सर्वांसमक्ष आणि कारणांसह घेता येईल. निधी अपुरा पडला तरी तो कोठे खर्च झाला व का, हे सर्वांना समजेल.

रेल्वेमार्गावर काय किंवा गावच्या रस्त्यावर काय, योग्य निर्णयासाठी लागणारी माहिती संकटाच्या रात्री गोळा करता येत नाही. ती कोरड्या दिवसांत, नेटाने, एकेक ओळ लिहून जमवावी लागते. पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्या परिसरापुरती ही सुरुवात पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांनी मिळून करावी, यात सर्वांचेच हित आहे.